गार्ड : एकच शब्द, पण कुठे कुठला अर्थ घ्यायचा आणि त्याच्याऐवजी कधी दुसरा शब्द वापरायचा

गार्ड हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की तो इंग्रजी आहे हेच लक्षात राहत नाही. गेटवर गार्ड असतो, ट्रेनला गार्ड असतो, सायकलला मडगार्ड, मोबाईलला स्क्रीन गार्ड, बॅट्समन अंपायरकडे गार्ड मागतो, बॉक्सिंगचा कोच गार्ड वर ठेव म्हणून ओरडतो. आणि डिक्शनरी उघडली की पहिला अर्थ काय तर रक्षण करणे. मग आपण सगळीकडे रक्षण लावत सुटतो आणि वाक्य एकतर कृत्रिम होतं नाहीतर चक्क उलटं होतं. माझं काम इंग्रजीतून मराठीत मजकूर आणायचं आहे आणि या एका शब्दाने मला जेवढं शिकवलं तेवढं जाड जाड ग्रामरच्या पुस्तकांनी नाही शिकवलं, म्हणून ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय. इंग्रजी शिकणाऱ्याला, परीक्षेला बसणाऱ्याला, भाषांतर करणाऱ्याला, कुणालाही चालेल. क्रमाने वाचा, कारण दुसरी पायरी नीट कळली तर पुढचं बरंचसं आपोआप सुटतं.

पायरी १ : आधी स्पेलिंग पक्कं करा

जी, यू, ए, आर, डी. यू आधी, ए नंतर. चांगले शिकलेले लोकही जी-ए-यू असं लिहून मोकळे होतात, कारण डॉटर, कॉट, लाँच अशा शब्दांत ए-यू ही जोडी हाताला सवयीची झालेली असते. हा यू बोलताना ऐकू येत नाही, तो फ्रेंच वळणाच्या लिहिण्यातून राहिलेला आहे, गेस, गेस्ट, गिल्ट यांच्यातही तसाच मुका यू आहे. लक्षात ठेवायला सोपं काय तर गाइड आणि गार्ड ही भावंडं समजा, दोघांची सुरुवात जी-यूनेच. उच्चाराचं म्हणाल तर ब्रिटिश माणूस र जवळजवळ खातो आणि आ लांबवतो, अमेरिकन माणूस र स्पष्ट म्हणतो. दोन्ही बरोबर, त्यात अडकू नका.

पायरी २ : या शब्दातले डोळे शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा वेळ घालवूया.

गार्ड इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये तो आला फ्रँक लोकांच्या जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या, भाषेतून. तिथे मूळ क्रियापदाचा अर्थ होता लक्ष ठेवणं, नजर ठेवणं. म्हणजे मुळात या शब्दात ढाल नाही, तलवार नाही, भिंत नाही. डोळे आहेत. कुणीतरी जागं आहे आणि बघतंय, ही त्याची मूळ कल्पना. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की मग गार्डचे विचित्र वाटणारे अर्थ विचित्र वाटत नाहीत.

आता गंमत बघा, हाच जर्मॅनिक शब्द इंग्रजीत आधीपासून घरचा म्हणून होताच, तो म्हणजे वॉर्ड. जर्मॅनिक शब्दांच्या सुरुवातीचा व फ्रेंच लोकांच्या तोंडी ग्व आणि पुढे ग झाला, इंग्रजीत तो व राहिला. त्यात परत १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्या उत्तरेकडच्या फ्रेंचमध्येही व टिकलेला होता, आणि नंतर पॅरिसकडच्या फ्रेंचमधून ग वाले शब्द येत राहिले. त्यामुळे इंग्रजीत आज जुळी भावंडं सापडतात : वॉर्ड आणि गार्ड, वॉर्डन आणि गार्डियन, वॉरंटी आणि गॅरंटी, रिवॉर्ड आणि रिगार्ड. विल्यम आणि फ्रेंच गीयोम हे एकच नाव आहे, तेही याच कारणाने.

रिगार्ड म्हणजे मुळात परत परत बघणं, नीट बघणं. फ्रेंचमध्ये आजही बघणे या अर्थाचं रोजचं क्रियापद रिगार्डचंच सख्खं रूप आहे. कुणी आपल्याकडे नीट बघितलं, आपल्या कामाची दखल घेतली, तर त्यातून जे मिळतं ते रिवॉर्ड. अवॉर्डही याच घरातला, नीट बघून तपासून दिलेला निर्णय. अवेअर आणि बीवेअर हे लांबचे नातेवाईक, त्यांच्यातही सावधपणे बघणंच आहे. आणि लॉर्ड! जुन्या इंग्रजीत तो शब्द होता ब्रेड राखणारा या अर्थाचा जोडशब्द, झिजून झिजून लॉर्ड झाला. स्टुअर्ड म्हणजे घराची राखण करणारा. लॉर्डच्या पोटात एक राखणदार बसलाय हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते चार जणांना फोन करून सांगितलं होतं.

आपल्या राखणे या क्रियापदाची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. संस्कृत रक्ष पासून आलेलं, पण मराठीत ते किती पसरलं बघा : शेत राखणं, मान राखणं, मर्जी राखणं, अंतर राखणं, केस राखणं, राखीव जागा. रक्षण हा त्याचाच संस्कृत भाऊ पण तो कडक इस्त्रीचा राहिला, राखण मात्र घरभर फिरली. गार्डचं भाषांतर करताना रक्षणाआधी राखण आठवून बघायची ही सवय लावून घ्या, निम्म्या वेळा तीच बरोबर बसते.

आणि गार्ड मराठीत काही परवा आलेला नाही. गारद हा पहाऱ्यावरच्या तुकडीचा शब्द आणि गारदी हा शिपायाचा शब्द, दोन्ही याच गार्डवरून. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांना मारणारे गारदी म्हणजे शब्दशः गार्ड. मात्र संघ ऐंशी धावांत गारद झाला असं आपण म्हणतो तो गारद वेगळा, तो लूट किंवा नाश या अर्थाच्या अरबी-फारसी शब्दावरून आलाय, दोघांची गल्लत करू नका.

अजून दोन चकवे सांगून पुढे जातो. गार्डनचा गार्डशी काही संबंध नाही, गार्डन म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्याचं नातं यार्डशी. आणि फॉरवर्ड, बॅकवर्ड यातला वर्ड म्हणजे दिशा, तो राखणदार वॉर्ड नाही. स्पेलिंग सारखं दिसलं म्हणून नातं जोडायचं नाही.

पायरी ३ : नाम असेल तर विचारा, माणूस, वस्तू की पवित्रा?

वाक्यात गार्ड नाम म्हणून आला की हा एकच प्रश्न विचारायचा.

माणूस असेल तर सोपं आहे, पण देशागणिक शब्द बदलतो हे लक्षात ठेवा. तुरुंगातल्याला अमेरिकेत प्रिझन गार्ड म्हणतात, ब्रिटनमध्ये प्रिझन ऑफिसर, जुन्या लिखाणात वॉर्डर. ट्रेनवरचा गार्ड हा ब्रिटिश शब्द, अमेरिकन माणूस त्याला कंडक्टर म्हणेल आणि आपण मात्र कंडक्टर म्हटलं की बसचाच समजतो, त्यामुळे अमेरिकन कथेत ट्रेनचा कंडक्टर दिसला तर गोंधळू नका. लाइफगार्ड स्विमिंग पूलवर किंवा बीचवर, बॉडीगार्ड एका माणसाच्या मागे, कोस्ट गार्ड म्हणजे तटरक्षक दल. कधी गार्ड म्हणजे एक माणूस नसून अख्खी तुकडी असते. व्हॅटिकनचा स्विस गार्ड १५०६ पासून आहे, तिथे गार्ड हे दलाचं नाव आहे.

तुकडीवरून आलेले वाक्प्रचार इथेच समजून घेऊ. ओल्ड गार्ड हे मुळात नेपोलियनच्या मुरलेल्या, जुन्या जाणत्या सैनिकांच्या दलाचं नाव होतं. आज संस्थेतली, पक्षातली जुनी मंडळी, जी सहसा बदलाला तयार नसतात, त्यांना ओल्ड गार्ड म्हणतात. मराठीत जुनी खोडं म्हटलं तर जरा खोचक होतं, जुनी फळी हे जास्त जवळ जातं. चेंजिंग ऑफ द गार्ड म्हणजे राजवाड्यापुढे पहारा बदलण्याचा सोहळा, आणि त्यावरूनच नेतृत्व बदलणं. व्हॅनगार्ड म्हणजे सैन्याची पुढची तुकडी, आघाडी, रिअरगार्ड म्हणजे माघार घेताना पाठ सांभाळणारी तुकडी. व्हॅनगार्ड आणि कलेतला आवाँ-गार्द, म्हणजे चाकोरी मोडून पुढे जाणारा प्रवाह, हे एकाच फ्रेंच शब्दाचे दोन अवतार, एक झिजलेला, एक न झिजलेला.

आणि गार्ड नेहमी राखतोच असं नाही. रोमच्या सम्राटांचं रक्षण करणाऱ्या प्रेटोरियन गार्डच्या लोकांनीच इसवी सन ४१ मध्ये कॅलिगुलाला मारलं, आणि १९३ मध्ये तर सम्राटपद लिलावात काढलं, जास्त पैसे देणाऱ्या डिडियस ज्युलियानसला ते मिळालं. म्हणून इंग्रजी लेखात एखाद्या नेत्याच्या भोवतीच्या लोकांना प्रेटोरियन गार्ड म्हटलं असेल तर ते कौतुक नसतं, तिथे कुंपणानेच शेत खाल्लं याची शंका असते.

वस्तू असेल तर मराठीत बऱ्याचदा गार्डच ठेवायचा. मडगार्ड, माउथ गार्ड, शिन गार्ड, यांना शुद्ध मराठी शब्द तयार करायला गेलात तर वाचणारा थांबतो. फक्त स्क्रीन गार्डबद्दल सांभाळा, आपल्याकडे तो सर्रास चालतो पण बाहेरच्या इंग्रजीत स्क्रीन प्रोटेक्टर हा शब्द जास्त वापरतात. मडगार्डला अमेरिकेत फेंडर म्हणतात, आणि फेंडर म्हणजे डिफेंडरचं डोकं उडवलेलं रूप. मशीनच्या फिरत्या भागावर जी जाळी किंवा झाकण असतं तेही गार्ड, आणि तिथे मॅन्युअलमध्ये अनगार्डेड मशीन असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ पहारेकरी नसलेलं मशीन असा नाही, जाळी नसलेलं मशीन. याची चूक झाली तर कुणाचं तरी बोट जाऊ शकतं, म्हणून हे सांगतोय.

विज्ञानातही हा शब्द आहे. पानावरच्या प्रत्येक पर्णरंध्राच्या दोन्ही बाजूंना गार्ड सेल्स असतात, रक्षक पेशी, त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडतं आणि सैल पडल्या की बंद होतं, अगदी गेटवरच्या माणसासारखं. प्राण्यांच्या अंगावरचे वरचे लांब राठ केस म्हणजे गार्ड हेअर्स, खालची मऊ लव त्यांच्यामुळे कोरडी राहते. रेडिओच्या दोन चॅनलमध्ये मोकळा सोडलेला फ्रीक्वेन्सीचा पट्टा म्हणजे गार्ड बँड. प्रोग्रामिंगमध्ये गार्ड क्लॉज असतो, फंक्शनच्या दारातच अट तपासायची आणि बसत नसेल तर तिथूनच परत पाठवायचं, स्विफ्ट भाषेत तर २०१५ साली दुसऱ्या आवृत्तीत गार्ड नावाचं स्टेटमेंटच आलं.

तिसरा प्रकार पवित्रा, आणि इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. क्रिकेटमध्ये बॅट्समन गार्ड घेतो म्हणजे काय करतो? अंपायरला विचारून स्टंप्सच्या रेषेत आपली जागा ठरवतो, मिडल, लेग, किंवा मिडल अँड लेग, आणि क्रीजवर खूण करतो, म्हणजे आपले स्टंप्स कुठे आहेत ते मागे न बघता त्याला कळतं. शतक झाल्यावर फ्रेश गार्ड घेतला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सावध होऊन खेळायला लागला. बॉक्सिंगमध्ये गार्ड म्हणजे तोंडापुढे धरलेले हात, तलवारबाजीत आँ गार्द ही तयार राहा अशी सूचना, आणि ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये तर पाठीवर पडून समोरच्याला पायांनी अडवून धरणं म्हणजे गार्ड. लेट युअर गार्ड डाउन हा रोजच्या इंग्रजीतला वाक्प्रचार याच पवित्र्यावरून आलाय, हात खाली आले, आता ठोसा बसणार. मराठीत गाफील राहणं. पण तो वाक्प्रचार कधीकधी चांगल्या अर्थानेही येतो, एखादा अबोल माणूस जवळच्यांपुढे गार्ड खाली करतो म्हणजे मोकळा होतो, तिथे गाफील लिहिलंत तर वाक्य मेलं.

पायरी ४ : क्रियापद असेल तर दिशा बघा, आतून बाहेर की बाहेरून आत?

इथे त्या डोळ्यांचा उपयोग होतो. शिपाई खजिना गार्ड करतो तेव्हा बाहेरच्याला आत येऊ देत नाही. शिपाई कैदी गार्ड करतो तेव्हा आतल्याला बाहेर जाऊ देत नाही. क्रियापद एकच, कारण तो दोन्ही वेळा नजर ठेवतोय, पण मराठीत पहिल्याला राखण किंवा संरक्षण आणि दुसऱ्याला पहारा. कैद्याचं रक्षण केलं असं लिहिलंत तर अर्थ असा होतो की कुणीतरी कैद्याला मारायला आलं होतं आणि शिपायाने त्याला वाचवलं. पूर्ण वेगळी गोष्ट झाली.

बास्केटबॉलमध्ये तर अजून पुढची पायरी आहे. एक खेळाडू समोरच्या टीमच्या खेळाडूला गार्ड करतो म्हणजे त्याचं रक्षण करत नाही, त्याला चिकटून राहून त्याची कोंडी करतो. रक्षण हा अर्थ धरून बसलात तर हे वाक्य कधीच लागणार नाही, नजर ठेवणं धरलंत तर लगेच लागतं. म्हणूनच म्हणालो दुसरी पायरी महत्त्वाची.

स्टँड गार्ड, कीप गार्ड, माउंट गार्ड ही सगळी पहारा देणं यातच येतात. आणि गुपिताला, प्रतिष्ठेला, हक्काला गार्ड केलं असेल तर मराठीत जपणं. क्लोजली गार्डेड सीक्रेट म्हणजे जिवापाड जपलेलं गुपित. बोलण्याला गार्ड करणं म्हणजे जीभ सांभाळणं. राखणं, जपणं, सांभाळणं, पहारा देणं, आपल्याकडे चार वेगळी क्रियापदं तयार असताना चारही ठिकाणी संरक्षण करणे लिहिणं हा आळस आहे, आणि सरकारी पत्रकांमुळे तो आपल्या अंगवळणी पडलाय.

पायरी ५ : ऑन, ऑफ, अंडर, अगेन्स्ट

छोटे शब्द पण अर्थ फिरवतात. ऑन गार्ड म्हणजे पहाऱ्यावर असलेला, ड्युटीवर. ऑन युअर गार्ड म्हणजे सावध. मधला एक सर्वनामाचा शब्द आला की ड्युटी जाऊन मनाची अवस्था आली. ऑफ गार्ड म्हणजे मात्र ड्युटी संपलेला नाही, तो ऑफ ड्युटी. कॉट ऑफ गार्ड म्हणजे बेसावध असताना गाठलं, आणि गाठणारा चोरच पाहिजे असं नाही, एखादा अनपेक्षित प्रश्न पण माणसाला ऑफ गार्ड पकडतो. अंडर गार्ड म्हणजे पहाऱ्यात, आणि इथे परत विचार करायचा की आतला माणूस पाहुणा आहे की कैदी, इंग्रजी वाक्य ते सांगत नाही, आजूबाजूच्या मजकुरावरून ठरवायचं.

गार्ड अगेन्स्ट हे थोडं वेगळं आहे कारण त्याच्यापुढे राखायची वस्तू येत नाही, टाळायची वस्तू येते. गार्ड द हाउस, पण गार्ड अगेन्स्ट फायर. घर राखायचं, आग टाळायची. अगेन्स्ट गाळलात तर आगीचीच राखण होते. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो म्हणून एक साधी खूण : जे हवं आहे ते गार्डला चिकटून, जे नको आहे ते अगेन्स्टनंतर.

पायरी ६ : गार्डेड, म्हणजे विशेषण, इथे जपून

एका ओळखीच्या घरातला अनुभव आहे. घरातल्या आजोबांचा हॉस्पिटलचा इंग्रजी रिपोर्ट कुणीतरी मराठीत करून दिला होता, आणि त्यात प्रॉग्नोसिस गार्डेड असं होतं त्याचं केलं होतं, रुग्णाची स्थिती संरक्षित आहे. घरचे निश्चिंत झाले, त्यांना वाटलं धोका टळला. खरा अर्थ होता की पुढे काय होईल ते खात्रीने सांगता येत नाही, डॉक्टर हातचं राखून बोलताहेत. काळजीचा शब्द दिलाशाचा शब्द होऊन बसला होता. तेव्हापासून मी हा शब्द दिसला की थांबतोच.

गार्डेड हे विशेषण माणसाला किंवा बोलण्याला लागलं की त्याचा अर्थ सावध, मोजूनमापून, हातचं राखून. गार्डेड रिप्लाय म्हणजे तोलूनमापून दिलेलं उत्तर. गार्डेड ऑप्टिमिझम म्हणजे सावध आशावाद, वर्तमानपत्रात दिसतो. अनगार्डेड मोमेंट म्हणजे बेसावध क्षण, जेव्हा माणूस मनातलं बोलून जातो. हातचं राखून या आपल्या शब्दप्रयोगात राखणं आहेच बघा.

मेडिकल रिपोर्टमध्ये अजून एक शब्द भेटतो, अ‍ॅब्डॉमिनल गार्डिंग. डॉक्टर पोट दाबतात तेव्हा आतल्या दुखण्याला धक्का लागू नये म्हणून पोटाचे स्नायू आवळले जातात, ते गार्डिंग. पोटाच्या आतल्या आवरणाला सूज असल्याचं ते एक लक्षण असू शकतं. भाषांतर पोट आवळून धरणे किंवा पोट ताठर होणे असं करा आणि शंका असेल तर डॉक्टरलाच विचारा, इथे डिक्शनरीवर विसंबू नका.

पायरी ७ : गार्डऐवजी दुसरा शब्द कधी?

समानार्थी शब्दांची यादी पाठ करण्यात माझा विश्वास नाही. यादीत प्रोटेक्ट, डिफेंड, शील्ड, शेल्टर, सेफगार्ड, सिक्युअर, प्रिझर्व्ह सगळे एका रांगेत उभे असतात आणि असं वाटतं की कुठलाही उचला. तसं नसतं. त्यापेक्षा विचारा की वाचवण्याचं काम नक्की कोण किंवा काय करतंय.

डोळे करत असतील तर गार्ड किंवा वॉच. वॉच मुळात जागं राहण्यावरून आलाय, वेकशी त्याचं नातं आहे. लुकआउट फक्त बघतो आणि इशारा देतो, अडवायचं काम त्याचं नाही, चोरांचाही लुकआउट असतोच. सेंट्री एका जागी उभा, पट्रोल फिरता, म्हणजे आपली गस्त. एस्कॉर्ट चालत्याबरोबर चालतो. बाउन्सर आत आलेल्याला बाहेर काढतो, कस्टोडियन ताब्यात दिलेली वस्तू सांभाळतो, पण अमेरिकन शाळेतला कस्टोडियन म्हणजे साफसफाई आणि देखभाल बघणारा कर्मचारी. कीपरला आपण गोलरक्षक, यष्टीरक्षक केलंय आणि ते छान बसलंय.

मध्ये आडवी येणारी वस्तू करत असेल तर शील्ड किंवा स्क्रीन. शील्डला डोळे नाहीत, ती फक्त धोका आणि आपण यांच्यामध्ये उभी राहते. म्हणूनच शील्ड वाईट अर्थानेही येतं, गुन्हेगाराला शील्ड करणं म्हणजे पाठीशी घालणं. तिथे गार्ड चालणारच नाही.

जागा करत असेल तर शेल्टर, आसरा, आडोसा. त्याहून मोठा अर्थ हवा असेल तर रेफ्यूज, म्हणजे पळून जाऊन गाठलेली जागा, किंवा असायलम, ज्याचा ग्रीकमधला मूळ अर्थ जिथून कुणाला ओढून नेता येत नाही अशी जागा. शेल्टर्ड लाइफ म्हणजे मात्र आसऱ्यातलं आयुष्य नाही, जगाची झळ न लागलेलं आयुष्य.

हल्ला समोर आहे आणि परतवायचा आहे तर डिफेंड. फेन्स हा त्याच्या डिफेन्सचाच तुकडा, कुंपण आणि तलवारबाजी दोन्ही अर्थांनी. म्हणून थिसिस डिफेंड करतात, खटला डिफेंड करतात, वर्ल्ड टायटल डिफेंड करतात. थिसिस गार्ड केला म्हटलं तर तो कुणी चोरू नये म्हणून कपाटाला कुलूप लावून बसल्यासारखं होईल.

नियम, करार, पद्धत करत असेल तर सेफगार्ड. हा शब्द पूर्वी सुरक्षित प्रवासाच्या परवान्यासाठी वापरायचे, आता कायद्याच्या आणि कामकाजाच्या भाषेत राहतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे सेफगार्ड्स म्हणजे अणुइंधन शस्त्रांकडे वळवलं जात नाही ना हे तपासण्याची व्यवस्था, आणि व्यापाराच्या करारांत सेफगार्ड म्हणजे आयात एकदम वाढून देशातल्या उद्योगाला इजा व्हायला लागली तर तात्पुरता घातलेला निर्बंध. ब्रिटनमध्ये शाळेच्या कागदांवर सेफगार्डिंग दिसलं तर ते मुलांच्या सुरक्षिततेबद्दल आहे.

शत्रू काळच असेल, म्हणजे कुजणं, झिजणं, विसरणं, तर प्रिझर्व्ह, टिकवणं. संपण्याची भीती असेल तर कन्झर्व्ह, जपून वापरणं.

कोण वाचवतंय हे महत्त्वाचं नसेल, फक्त वाचलं एवढंच सांगायचं असेल, तर प्रोटेक्ट. तो सगळ्यात मोकळा शब्द. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुढून झाकणं असा होता, आणि त्याच क्रियापदावरून आलेला डिटेक्ट म्हणजे झाकण काढणं. सनस्क्रीन त्वचा प्रोटेक्ट करतं, गार्ड नाही करत, कारण सनस्क्रीन जागं राहून बघत बसत नाही.

सिक्युअर माझा सगळ्यात आवडता. लॅटिनमध्ये त्याचे दोन तुकडे, विना आणि काळजी. म्हणजे निश्चिंत. शुअर हा त्याचाच झिजलेला भाऊ. गार्ड जागा असतो म्हणून आतला माणूस सिक्युअर असतो, एक जागतो म्हणून दुसरा झोपतो. दार सिक्युअर करणं म्हणजे पक्कं लावणं, आणि नोकरी सिक्युअर करणं म्हणजे पक्की मिळवणं, तिथे नोकरी सुरक्षित केली असं लिहू नका.

आणि जबाबदारी कायद्याने सोपवलेली असेल तर गार्डियन, पालक. ज्याची जबाबदारी घेतली तो वॉर्ड, पाल्य. बघणारा आणि ज्याच्याकडे बघायचं तो, दोघांची नावं एकाच मुळातून आली.

पायरी ८ : आता स्वतः करून बघा

खालची वाक्यं मी मुद्दाम अवघड घेतलीत, आधी हाताने झाका, स्वतः मराठी करा आणि मग माझं बघा.

शी वॉज गार्डेड अबाउट हर पास्ट. माझं : आपल्या भूतकाळाबद्दल ती हातचं राखूनच बोलायची. संरक्षित नाही, आणि सावध होती हेही अर्धवट वाटतं कारण इथे बोलणं आहे.

द क्वेश्चन कॉट हिम ऑफ गार्ड. माझं : या प्रश्नाची त्याला कल्पनाच नव्हती, तो गडबडला. इथे बेसावध पकडलं हे चुकीचं नाही, पण मराठीत प्रश्न माणसाला पकडत नाही.

टू मेन वेअर गार्डिंग द डोअर. इथे उत्तर एक नाही. दारावर दोघं पहाऱ्याला होते हे बहुतेक वेळा चालेल, पण आत कुणाला कोंडलं असेल तर दोघं दार अडवून उभे होते हे जास्त खरं. मागचं पान वाचल्याशिवाय हे वाक्य करायचं नाही.

वी मस्ट गार्ड अगेन्स्ट ओव्हरकॉन्फिडन्स. माझं : फाजील आत्मविश्वास येऊ द्यायचा नाही. गार्ड शब्द मराठीत कुठेच उरला नाही तरी अर्थ पूर्ण आला.

ही जेलसली गार्डेड हिज फ्री टाइम. इथे जेलसली म्हणजे मत्सराने नाही. आपल्या मोकळ्या वेळाला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही.